रॅकला करंट येतो, साहेब

माझी आत्या तक्रारी करते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. गोदामात कामाला लागली त्याच आठवड्यात तिने बाथरूमच्या कडीची तक्रार केली. कडी बसली. मग चहा पाणचट असतो म्हणून केली, मग पंख्याचं वारं फक्त सुपरवायझरच्या टेबलाला मिळतं म्हणून, मग बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज का मागवत नाहीत म्हणून. यातली एकही तक्रार खोटी नव्हती. पण रोजच ऐकायची सवय झाली की ऐकणारा माणूस शब्द ऐकतच नाही, नुसता आवाज ऐकतो. गोदामात तिला तोंडावर सगळे काकू म्हणत आणि पाठ फिरली की 'कटकट'. हे तिला ठाऊक होतं. त्याचीही तिने एकदा तक्रार केली होती.

गोदाम घरसामानाचं होतं. नळ, शॉवर, फरशा, साबणाचे कॅन. छतापर्यंत गेलेले लोखंडी रॅक, निळे खांब आणि त्यांत अडकवलेल्या केशरी आडव्या तुळया. दोन रॅकच्या मधल्या वाटेला सगळे गल्ली म्हणत. वरच्या कप्प्यांत फरशांची जड पॅलेट, म्हणजे लाकडी पाटावर रचलेल्या थप्प्या, फोर्कलिफ्टने चढवलेली असायची आणि खाली, हाताला येईल अशा उंचीवर, सुटा माल. ऑर्डर आली की त्यातला नेमका माल वेचून ढकलगाडीत भरायचा, हे आत्याचं काम. गल्लीत उजेड कमी म्हणून कुणीतरी तुळयांच्या खालून दिवे लावून घेतले होते आणि त्यांची वायर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी तुळईलाच बांधत नेली होती.

पहिला शॉक बसला तो एका सकाळी. नळांचे खोके एकमेकांना चिकटले होते म्हणून तिने हातमोजे काढले आणि आतला खोका ओढायला वाकली. उघडा हात तुळईला टेकला.

"मुंग्या नाहीत गं," ती मला संध्याकाळी सांगत होती. आमची दोन्ही घरं एकाच जिन्यावर, त्यामुळे तिचा सगळा दिवस मला पायरीवर बसून ऐकायला मिळतो. "गांधीलमाशी डसावी तसं. पण ती डसून उडून तरी जाते."

खोका पडला, आतला नळ घरंगळत गेला. पलीकडून तिची मैत्रीण मोठ्या मापाचे सेफ्टी शूज फटफटवत धावत आली. आत्याने सांगितलं तसं तिने तुळईला बोट लावलं, मग तळवा, मग दोन्ही हात. काही नाही. आत्याने लावला, तर पुन्हा झटका. तेवढ्यात फोर्कलिफ्ट चालवणारा तिथे थांबला. अंगाने दांडगा, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणत. तो खाली उतरला, त्याने खांबाला चक्क मिठी मारली आणि गाल घासत म्हणाला, "मला तर नुसती माया लागतेय, काकू."

दोघं हसत सुटली. आत्या हात चोळत उभी राहिली.

ती सुपरवायझरकडे गेली. तो तिच्या मुलाच्या वयाचा, बोलायला मऊ, आणि त्या मऊपणाचाच तिला राग यायचा.

"काकू, तुमचे सेफ्टी शूज कुठे आहेत?" त्याने तिच्या कापडी बुटांकडे बघत विचारलं.

"माझ्या मापाचे आलेच नाहीत."

"मोठे घालून आत दोन मोजे घाला म्हटलं होतं ना?"

"घातले होते. जिन्यात पडले. तुमच्यासमोरच पडले."

"पण बघा, फरशी नुकतीच पुसलीय, तुमच्या बुटांचे तळ झिजलेत. जाड रबराचे घातलेत तर शॉक बसणारच नाही. मिटला प्रश्न."

"मला नाही बसणार, साहेब. पण येतोय कुठून? लोखंडाच्या रॅकला करंट येतो म्हणजे काय? उद्या दुसऱ्या कुणाला लागला म्हणजे?"

"थंडीत असं होतं. स्टॅटिक. स्वेटर काढताना चटचट होतं ना, तसं."

"मी स्वेटर घातलेला नाही."

त्याने खरंच निरखून बघितलं. नव्हता. "वर कळवतो," तो म्हणाला. वरच्या कप्प्यातला माल जसा फोर्कलिफ्टशिवाय खाली येत नसे, तसंच वर कळवलेलंही तिथेच राहायचं.

घरी वेगळीच तऱ्हा. आतोबांचं केस कापायचं दुकान आहे आणि खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येक माणसाचं दुखणं त्यांना कळतं, असा त्यांचा समज आहे. "साखर वाढलीय तुझी," ते म्हणाले. "हाताला मुंग्या म्हणजे साखरच."

"मुंग्या नाहीत हो! किती वेळा सांगू?"

साखर तपासली. ठीक निघाली. "मग नस दबली असेल." डॉक्टरने मान दाबून बघितली आणि गळ्याला लावायचा पट्टा दिला. तो तिने आतोबांच्या दुकानातल्या खुंटीवर नेऊन टांगला.

तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते पुढे. आतोबांनी ही हकिगत दुकानात सांगितली. वाईट हेतूने नाही, त्यांना काही पोटात ठेवताच येत नाही. पण दाढीचा साबण वाळायच्या आत ती आमच्या आळीभर झाली. किराणावाला सुटे पैसे देताना बोट मागे घ्यायचा, "बघा हं वहिनी, करंट!" भाजीवाली लांबूनच हात हलवायची. पहिल्या दिवशी आत्या हसली. दुसऱ्या दिवशी कसनुसं हसली. मग तिने आतोबांशी बोलणंच टाकलं. ते बिचारे मला जिन्यात गाठून विचारायचे, "काय झालंय गं तुझ्या आत्याला?"

दरम्यान शॉक चालूच होता. रोज नाही. एखाद्या दिवशी काहीच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळभर. तिला वाटे, हे जर धड रोज झालं असतं तर कुणाला तरी हाताला धरून दाखवता तरी आलं असतं.

मग तिने स्वतःच शोध लावला. गल्लीच्या टोकाला फोर्कलिफ्टचा चार्जर होता. दिवसभर गुणगुणायचा, हात लावला तर गरम लागायचा. "तोच सोडतोय करंट," तिने ठरवून टाकलं. आणि आत्याने एकदा ठरवलं की ठरवलं. मोठे साहेब गोदाम बघायला आले तेव्हा ती सरळ त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली. मागून सुपरवायझर डोळ्यांनी खुणावत होता, नको, नको.

"साहेब, त्या चार्जरमुळे रॅकला करंट येतो. एखादं माणूस मरेल."

चार माणसांसमोर 'माणूस मरेल' म्हटल्यावर मोठे साहेब तरी काय करणार? "ताबडतोब हलवा," ते म्हणाले. चार्जर पलीकडच्या भिंतीला गेला. त्यासाठी नवी वायर टाकावी लागली, भिंत फोडावी लागली, धुळीने अख्खा माल पांढरा झाला आणि तो पुसायला बायकाच लागल्या. पैलवानाला गाडी चार्जिंगला लावायला आता गोदामाला वळसा पडायचा.

आणि चार्जर हलल्यावर दुसऱ्याच दिवशी, त्याच जागी, तिला पुन्हा शॉक बसला.

दुसरी कुणी गप्प बसली असती. आत्याने सांगितलं.

"आता काय हलवू, काकू?" पहिल्यांदाच सुपरवायझरचा आवाज चढला. "छप्पर?"

त्या दिवसापासून पैलवान तिची नक्कल करू लागला. ती गल्लीत दिसली की तो खांब धरायचा, डोळे पांढरे करायचा आणि अंग थडथड हलवायचा. "काकू, लागला, लागला!" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तिची मैत्रीणसुद्धा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच गल्लीत गेली. बूट काढून थंड फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तुळई घट्ट धरली. काही नाही. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती. सुट्टीत वीज वाचवायला गल्ल्यांमधले दिवे बंद करत असत, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं तिच्या मनातही आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

"मलाच काही झालंय का गं?" त्या संध्याकाळी पायरीवर बसून तिने विचारलं. आत्या सांगते, सुनावते, भांडते. विचारत नाही. मला तिच्याकडे बघवेना.

शेवटी वायरमन आला. आत्याचं खरं वाटलं म्हणून नव्हे, ही कटकट एकदाची मिटवावी म्हणून सुपरवायझरने त्याला बाहेरून बोलावलं. शांत, कमी बोलणारा माणूस. शिडी लावायची म्हणून सुपरवायझरने आधी वरची सगळी पॅलेट उतरवून घेतली. रिकाम्या रॅकला वायरमनने मीटर लावला. खांबाला, तुळईला, इथे, तिथे. काट्याने हूं की चूं केलं नाही.

"काही नाही ना?" सुपरवायझरने सुस्कारा सोडला.

"आज सापडलं नाही," वायरमन म्हणाला. "म्हणजे नाहीच असं नाही. आणि हे बघा, हा रॅक कुठेच अर्थिंगला जोडलेला नाही. ते करून घ्या. ही दिव्यांची वायरही तुळईवरून काढा, वरून पाइपातून न्या. लोखंडाच्या कडेला वायर कधी ना कधी सोलवटते."

"अहो, रॅकला जमिनीत बोल्ट मारलेत की. अर्थिंगच झालं ते."

"बोल्ट रॅक पडू नये म्हणून असतात. कोरडं काँक्रीट, त्यावर रंगाचे थर. त्यातून करंट जमिनीत जाईल या भरवशावर राहू नका."

सुपरवायझरने यातलं 'आज सापडलं नाही' एवढंच ऐकलं. अर्थिंगचा खर्च मंजुरीसाठी वर गेला आणि पॅलेट पुन्हा आपापल्या जागी चढली. आत्याला काढून दुसऱ्या टोकाच्या गल्लीत घातलं, तिच्याच भल्यासाठी म्हणून. तिथे तिला शॉक बसेना. म्हणजे मग सगळ्यांची खात्रीच पटली की गेलं एकदाचं खूळ.

पुढे काही आठवड्यांनी, भर दुपारी, त्या जुन्या गल्लीत साबणाचा एक कॅन फुटला. पैलवान पॅलेट चढवत होता, फोर्कलिफ्टचं टोक खालच्या कॅनात घुसलं. पातळ साबण फरशीभर. तो खाली उतरला, फुटलेला कॅन बाहेर ओढू लागला. बूट आतपर्यंत भिजले, हातमोजे बुळबुळीत झाले म्हणून त्याने ते काढून टाकले. पाय घसरला तसा तोल सावरायला त्याने खांब पकडला.

आत्या गाडी ढकलत तिथूनच चालली होती. तिने बघितलं, पैलवान खांब धरून उभा आहे, डोळे फिरलेत आणि अंग थडथडतंय. पलीकडे बायका हसायला लागल्या होत्या. आत्याच्या डोक्यात तिडीक गेली. गल्ली बदलली तरी या माणसाची खोड जात नाही! त्याच्या अंगावर धावून जायलाच ती वळली.

मग तिला त्याचं तोंड दिसलं. नक्कल करताना तो ओरडायचा, "काकू, लागला, लागला!" आता त्याचा जबडा आवळलेला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"खरं आहे हे!" ती किंचाळली. "अगं, खरं आहे!"

सुपरवायझर धावत आला आणि त्याला ओढायला त्याने हात पुढे केला. आत्याने त्याला छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. तो साबणावरून घसरून खाली बसला. "हात लावू नका त्याला! कुणी हात लावू नका!" असं ओरडत ती बोर्डाकडे पळाली. बोर्डावर बटणांच्या ओळीच्या ओळी आणि कशावरही नाव नाही. कुठलं बटण कुठल्या गल्लीचं, हे शोधायला वेळ कुठे होता? तिने दोन्ही तळव्यांनी सगळीच्या सगळी खाली ओढली. पंखे, दिवे, सरकता पट्टा, ऑफिसातले कॉम्प्युटर, सगळं एका दमात गपगार झालं. त्या शांततेत पैलवान धपकन पडल्याचा आवाज तिला ऐकू आला.

तो वाचला. तळहात भाजला, पडताना खांदा निखळला, एक रात्र दवाखान्यात हृदयावर लक्ष ठेवलं आणि सोडलं.

वायरमनला पुन्हा बोलावलं. या वेळी त्याने रॅक रिकामा करू दिला नाही. गल्लीच्या तोंडाला दोर बांधून सगळ्यांना लांब उभं केलं, दिवे चालू ठेवले आणि मीटर खांबाला अडकवून तो स्वतःही मागे आला. मीटरचा काटा पार वर गेलेला. मग दिवे बंद करून त्याने फरशांचं एक पॅलेट उतरवायला लावलं, दिवे लावले, बघितलं. पुन्हा एक उतरवलं. सगळ्यात वरचं, सगळ्यात जड पॅलेट खाली आलं आणि काटा शून्यावर येऊन पडला.

वजनाने तुळई जराशी वाकायची. डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. त्या वाकण्यात दिव्याचा पत्रा आणि तुळई यांच्यामध्ये वायर चेपायची आणि तिचं सोललेलं अंग लोखंडाला टेकायचं. माल उतरला की तुळई सरळ आणि वायर मोकळी. वरती फरशा असल्या आणि दिवे चालू असले तरच रॅकमध्ये करंट.

"रॅक अर्थिंगला जोडलेला असता," वायरमन म्हणाला, "तर वायर टेकल्या क्षणी बोर्डाचं बटण आपसूक पडलं असतं. कुणाला कळलंही नसतं."

"मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं," आत्या सुपरवायझरला म्हणाली.

"काकू, तुम्ही तर चार्जर म्हणाला होता."

हे खरंच होतं, त्यामुळे तिला आणखीच संताप आला.

आता कुणाला वाटेल की तिचं कौतुक झालं असेल. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. आधी ते म्हणाले की कर्मचाऱ्याने ओल्या हाताने, हातमोजे न घालता रॅकला हात लावायला नको होता. मग म्हणाले की सगळी बटणं एकदम बंद केल्याने माल नेणाऱ्या दुपारच्या गाड्या खोळंबल्या आणि कॉम्प्युटरमधलं काम गेलं, तरी पुढच्या वेळी फक्त संबंधित बटण बंद करावं.

"बटणांवर नावं कुठेत, साहेब?" आत्याने मागून विचारलं.

"ते आपण लवकरच करू."

"आणि बाकीच्या गल्ल्या? सगळीकडे वायर अशीच बांधलीय."

"दुसऱ्या टप्प्यात. आत्ता या गल्लीचं अर्थिंग मंजूर झालंय."

आत्याने घरी येऊन मला हे सांगितलं. "त्यांना अजून एक माणूस चिकटलेला बघायचाय," ती म्हणाली. आतोबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात ही गोष्टही सांगितली, आणि या वेळी कुणी हसलं तर खुर्चीतून उठवीन म्हणाले. आत्याला ते माझ्याकडून कळलं. "उशिरा सुचलं," एवढंच ती म्हणाली, पण त्या रात्री तिने त्यांना स्वतःहून वाढलं.

पैलवानाला भेटायला ती त्याच्या घरी गेली. मी सोबत होते. तो हात पट्टीने गळ्यात अडकवून खाटेवर बसला होता, त्याची आई शेजारी.

"काकू, मी तुमची नक्कल करायचो," तो मान खाली घालून म्हणाला.

"माहीत आहे. अगदीच वाईट करायचास. शॉक लागल्यावर ओरडता येत नाही, एवढंही कळत नव्हतं तुला."

त्याची आई आधी दचकली, मग डोळ्याला पदर लावून हसायला लागली. तोही हसला आणि खांदा दुखला म्हणून कळवळला.

पुढच्या आठवड्यात आत्याने दुसऱ्या टप्प्याचा निकाल लावला. सकाळी हजेरी लावली आणि गल्लीत न जाता पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन बसली. "अर्थिंग झालेल्या गल्लीतला माल सांगा, आणते. बाकीच्यात पाय ठेवणार नाही." तिची मैत्रीण तिच्याशेजारी येऊन बसली. मग आणखी दोघी. दुपारपर्यंत वेचणारं कुणी उरलंच नाही. सुपरवायझर मऊ आवाजात समजावून गेला, मग चढ्या आवाजात, मग फोन कानाला लावून वर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. गाड्या दारात उभ्या राहिल्या. जे इतके दिवस मंजूर होत नव्हतं ते संध्याकाळच्या आत मंजूर झालं.

काम झालं. खांबांचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर हिरव्या वायरी बसल्या, सगळे रॅक एकमेकांना आणि अर्थिंगला जोडले गेले, दिव्यांची वायर छताखालून पाइपातून गेली. करंट जरासा गळला तरी पडेल असं बटण बोर्डावर आलं. एका खांबाचा रंग नीट खरवडला नाही म्हणून आत्याने वायरमनशीही वाद घातला. त्याने मीटर लावून दाखवला, तिथे ठीक होतं. ती चूक होती. तरी तो आणखी थोडं खरवडून गेला.

नंतर एकदा मी तिला विचारलं, आता तरी समाधान आहे ना? ती म्हणाली, "कसलं समाधान? मी बोलत होते तेव्हा कुणी ऐकलं नाही. एक माणूस पडला, गाड्या अडल्या, तेव्हा ऐकू आलं." मग म्हणाली, "आणि अजूनही माल काढताना हात आपोआप थांबतो गं. माहीत असतं आता काही नाही, तरी थांबतो. मागची खोळंबते, पॅकिंगवरची ओरडते. मग मी स्वतःवरच चिडते आणि लावते हात."